माणसाचं माप आणि माणसाची किंमत
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा सारांश)



एका आईची दोन लेकरं. एक बोलकं, एक अबोल. एक गणितात पुढं, दुसऱ्याचा हात यंत्रावर बसतो. हा फरक खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की फरक ओळखून त्या लेकराचं आपण काय करतो?

धम्मात हा विचार जुना आहे. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' ग्रंथात माणसांच्या वृत्तीचे सहा प्रकार सांगितले : राग म्हणजे आसक्ती, द्वेष, मोह, श्रद्धा, बुद्धी आणि वितर्क. माणसाची वृत्ती त्याच्या चालण्या-बसण्यावरून, कामावरून, खाण्यावरून ओळखावी, म्हणाले. जात विचारली नाही. संतापी माणसाला मैत्रीभावना, ज्याचं मन भरकटतं त्याला श्वासावर लक्ष. वैद्य नाडी बघतो ती औषध देण्यासाठी, तसं हे.

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी बुद्धीची चाचणी केली, तीही शाळेत मागं पडणारी मुलं शोधून त्यांना मदत द्यावी म्हणून. बुद्धी कायमची ठरलेली असते, हे त्यांना मान्य नव्हतं. पुढं व्ही. व्ही. कामत यांनी ती चाचणी मराठी-कानडी मुलांसाठी बसवली.

पण आपल्या देशात न मोजताच शिक्का मारायची रीत! मी गिरणी कामगार, म्हणून गिरणीचंच सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथं अस्पृश्यांना मज्जाव. कारण धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागे, त्याचा म्हणे विटाळ. हाताचं कसब कुणी तपासलंच नाही. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला.

आपल्या नगर जिल्ह्यातल्या पारधी बांधवांचं बघा. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं पोटातलं मूलसुद्धा गुन्हेगार ठरवलं. कायदा १९५२ ला रद्द झाला, पण लोकांच्या मनातला शिक्का अजून पुसलेला नाही.

१९३६ च्या 'जातिभेद निर्मूलन' या भाषणात बाबासाहेबांनी प्लेटोचाही समाचार घेतला. प्लेटोनं माणसांचे तीन वर्ग केले, चातुर्वर्ण्यानं चार. बाबासाहेबांचं म्हणणं, प्रत्येक माणूस वेगळा, त्याच्या अंगात नाना प्रवृत्ती. तीन-चार कप्प्यांत तो मावणार कसा?

म्हणून आयाबापांना सांगणं आहे. २०१६ पासून काही वर्षं राज्यात दहावीच्या मुलांची कलचाचणी झाली. अशा चाचण्या खासगीतही होतात. मुलाला जरूर बसवा, पण तीन गोष्टी विचारा. चाचणी मुलाला कळेल अशा भाषेत आहे का? त्यातल्या गोष्टी त्यानं कधी पाहिल्या आहेत का? ज्यानं संगणकाला हात लावला नाही, त्याचा संगणकाकडं कल नाही असं म्हणणं म्हणजे उपाशी माणसाला जेवणाची आवड नाही म्हणण्यासारखं! आणि तिसरं, निकालानंतर मुलाला मदत मिळणार, की नुसता कागद?

त्या कागदापेक्षा घरातला शब्द जास्त लागतो. 'मठ्ठ', 'दगड' हे शब्द आजपासून बंद करा. शेजारच्या पोराशी तुलना बंद करा. लेकराला काय जमतं ते बघा, जे जमत नाही त्याला हात द्या. बाबासाहेबांनी 'शिका' म्हणताना कुणाला वगळलं नव्हतं. आपणही वगळू नये.