विद्यापीठातला कामगार आणि त्याचा जीव

(छत्रपती संभाजीनगर येथे महाविद्यालयीन व विद्यापीठीय कर्मचाऱ्यांच्या सुरक्षा-प्रशिक्षणाच्या प्रारंभी केलेले भाषण)



बोलण्यास आरंभ करण्यापूर्वी एक कबुली दिली पाहिजे. या सभागृहात लिपिक आहेत, प्रयोगशाळा परिचर आहेत, वायरमन आहेत, ग्रंथालयातील सेवक आहेत. सकाळी हे सभागृह झाडून ज्यांनी आपल्यासाठी सतरंज्या अंथरल्या, त्या भगिनी मात्र बाहेर पायरीवर बसलेल्या आहेत. त्यांना कोणी हाकलले नाही. निमंत्रणाची यादी करताना ‘कर्मचारी’ या शब्दाचा अर्थ आपण हजेरीपटावरून घेतला, आणि त्यांची नावे कंत्राटदाराच्या वहीत आहेत, एवढेच. यादी करणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा आज जी टीका करणार आहे, तिचा पहिला धनी मीच आहे.

विद्यापीठात धोका तो कसला, असे पुष्कळांना वाटते. गिरणीत पट्टा असतो, खाणीत छत कोसळते. विद्यापीठात फार तर फाइलींवरची धूळ! हा समज किती भाबडा आहे हे पाहायचे असेल तर १९७८ सालचे इंग्लंडातील बर्मिंगहॅम आठवावे. देवी हा रोग जगातून जवळजवळ हद्दपार झाला होता. तेथील वैद्यकीय शाळेच्या प्रयोगशाळेत मात्र त्याचे विषाणू संशोधनासाठी ठेवलेले होते. त्यांच्या वरच्या मजल्यावर छायाचित्रकार म्हणून काम करणाऱ्या एका बाईंना लागण झाली आणि सप्टेंबरमध्ये त्या गेल्या. देवीने मृत्यू पावलेली जगातील ती अखेरची व्यक्ती. त्या विषाणुशास्त्रज्ञ नव्हत्या, त्या प्रयोगशाळेशी त्यांचा संबंध नव्हता. विद्यापीठावर खटला झाला. पण विषाणू कोणत्या मार्गाने वर पोचला हे निर्विवाद सिद्ध न झाल्याने विद्यापीठ सुटले. ज्ञान खालच्या मजल्यावर चालले होते, किंमत वरच्या मजल्याने मोजली.

दूरचे उदाहरण नको असेल तर दिल्लीचे घ्या. तेथील विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात गॅमा किरणांचे एक जुने यंत्र अनेक वर्षे विनावापर पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते अडगळ म्हणून लिलावात निघाले आणि मायापुरीच्या भंगारबाजारात जाऊन पोचले. आत कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ शिल्लक होता. भंगार फोडणाऱ्या कामगारांच्या कातड्या भाजल्या, केस गळले, आणि एप्रिलमध्ये त्यांच्यातील एकाचा मृत्यू झाला. विद्वानांच्या समितीने कागदावर सह्या केल्या. हातोडा मारणाऱ्याला पेटीत काय आहे हे कोणी सांगितले नव्हते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ५ डिसेंबर २०१८ रोजी दाबाखालील वायूच्या नळकांड्याचा स्फोट होऊन एक तरुण संशोधक जागीच गेला, तीन जण जखमी झाले. देशातील अग्रगण्य संस्थेची ही कथा. मग आपल्या आडवळणाच्या महाविद्यालयांतील, एका खिडकीच्या प्रयोगशाळांची अवस्था काय वर्णावी?

तेथे सकाळी सर्वांत आधी कोण येतो? परिचर. तीव्र गंधकाम्ल पातळ करण्याचे काम त्याचे. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये, हे प्राध्यापक विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून देतात. परिचराला ते कोणी शिकविलेले नसते, तो एकदा हात भाजून शिकतो. प्राणिशास्त्राच्या संग्रहालयातील बरण्यांतले फॉर्मॅलिन बदलणारा शिपाई डोळे पुसत राहतो आणि त्याला वाटते, हा वासाचा त्रास आहे. त्या द्रावणातील फॉर्माल्डिहाइड मानवात कर्करोग उत्पन्न करते, असा निर्वाळा कर्करोग-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ सालीच दिला आहे. विभागातील प्रत्येक प्राध्यापकाला हे ठाऊक असते. शिपायाला का ठाऊक नसावे?

आता कायद्याकडे वळू. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाना अधिनियमात ‘१११-अ’ हे कलम घातले गेले. कामावरील धोक्यांची माहिती मिळविण्याचा व सुरक्षेचे प्रशिक्षण घेण्याचा हक्क त्याने कामगारास दिला. हजारोंच्या मृत्यूनंतर मिळालेला हा हक्क. परंतु तो कारखान्याच्या फाटकापाशी थांबला. दुसरीकडे, १९७८ च्या बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी विद्यापीठही ‘उद्योग’ होय असे ठरविले होते. म्हणजे तंटा करण्यापुरता आपला परिचर उद्योगातील कामगार, आणि आम्ल हाताळताना तो कोणीच नव्हे! वाळूजच्या औषधी कारखान्यात तेच आम्ल हाताळणाऱ्या त्याच्या भावाला जो हक्क होता, तो त्याला नव्हता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता अमलात आली आणि कारखाना अधिनियम तीत विलीन झाला. धोक्याची माहिती मागण्याचा हक्क ही संहिता आस्थापनेतील कामगारास देते. नेमणूकपत्र सक्तीचे करते. हे स्वागतार्ह आहे. पण कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्यासाठी १९७० च्या कायद्यात २० कामगारांची अट होती, ती आता ५० वर नेली आहे. शिवाय धर्मादाय व सामाजिक सेवेच्या संस्था ‘उद्योगा’च्या व्याख्येतून वगळल्या आहेत, तेव्हा विद्यापीठ आत की बाहेर यावर वकील वर्षानुवर्षे भांडतील. त्यांना भांडू द्या. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्याने कारखाना व विद्यापीठ हा भेदच ठेवला नाही, आणि १९७७ च्या नियमांनी संघटनेला आपले सुरक्षा-प्रतिनिधी नेमण्याचा व त्यांना पगारी वेळेत प्रशिक्षण मिळण्याचा हक्क दिला. आपल्या संघटनांनी हीच मागणी कुलगुरूंपुढे ठेवण्यास कोणता कायदा आडवा येतो?

येथे आपल्या चळवळीलाही चार शब्द सुनावले पाहिजेत. धोका दिसला की आपण धोका-भत्ता मागतो. धुराचे कपाट बंद आहे? भत्ता द्या. हातमोजे नाहीत? भत्ता द्या. महिन्याकाठी थोडे रुपये मिळतात, मोर्चा यशस्वी होतो आणि कपाट बंदच राहते. फुप्फुसांचा हा हप्त्यांनी केलेला सौदा आहे, आणि त्यावर सही आपली असते.

या शहरात हे बोलताना एक गोष्ट टाळता येत नाही. बाबासाहेबांनी १९५० मध्ये येथे मिलिंद महाविद्यालय उभे केले. १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला त्यांचे नाव मिळावे म्हणून १९७८ ते १४ जानेवारी १९९४ एवढी वर्षे झगडावे लागले. माणसे मेली, वस्त्या जळाल्या. ज्यांच्या नावासाठी हे सोसले ते १९४२ ते ४६ या काळात देशाचे मजूरमंत्री होते, आणि आठवड्याचे काम ४८ तासांवर आणणारी १९४६ ची कारखाना-दुरुस्ती ही त्यांच्याच खात्याची कामगिरी. नामांतरासाठी तुरुंगात गेलेले काही कार्यकर्ते आज येथे समोर बसले आहेत. वसतिगृहाची मैल्याची टाकी तुंबली की तीत कोण उतरतो आणि तो कोणत्या जातीचा असतो, हे त्यांना मी सांगण्याची गरज नाही.

मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यात, अशाच टाकीत पाच जण गुदमरून मेले. पहिला पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो, ही या मृत्यूंची ठरलेली रीत आहे. टाकीतील वायूला कधी वास येतो, कधी येत नाही; हायड्रोजन सल्फाइड अधिक असले तर नाकाची संवेदनाच मरते. संरक्षक साधनांविना माणसाला टाकीत उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूस ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. हे प्रशिक्षण ज्याला सर्वांत आधी द्यावयाचे तो कंत्राटदाराचा माणूस आहे, आणि त्याला शिकविण्याचे पहिले वाक्य ‘मी उतरणार नाही’ हे आहे. ते वाक्य उच्चारल्यावर त्याची रोजी जाणार नाही, याची हमी हजेरीपटावरील तुम्हा कायम कर्मचाऱ्यांच्या संघटनेला द्यावी लागेल. ती हमी नसेल तर दोन दिवसांचे हे शिबिर म्हणजे चहा-फराळासह प्रवचन.

दुपारच्या सत्रात आग विझविण्याचे प्रात्यक्षिक आहे. विजेच्या आगीवर पाणी का मारू नये, नळकांड्यावरची तारीख कोठे पाहावी, हे तज्ज्ञ दाखवितील. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजच्या हातमोज्यांच्या कारखान्यात सहा कामगार झोपेत असताना आगीत सापडून मेले. म्हणून दाराच्या कुलपाविषयी आणि बाहेर पडण्याच्या वाटेविषयीही तज्ज्ञांना विचारा. वसतिगृहाचे रखवालदार रात्री जिन्याचे दार बाहेरून लावतात की नाही, ते मला माहीत आहे, तुम्हालाही आहे.

ते सत्र सुरू होण्यापूर्वी मी थोडा वेळ मागून घेतला आहे. पायरीवरच्या भगिनींना आत बोलावू या. खुर्च्या कमी आहेत. पुढच्या दोन रांगांतील मंडळींनी उठावे, मीही उठतो.