कानातले एक जनुक
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



शूर्पकर्णाच्या मांडवात कानाविषयी बोलायची संधी मंडळाने दिली, त्याबद्दल आभार. विषय एका जनुकाचा असला तरी काळजी तान्ह्या बाळांची आहे.

आपल्या प्रत्येक अंतःकर्णात सुमारे ३५०० आंतरकेशपेशी असतात. आवाजाने त्यांचे केस हलले की पेशीत कॅल्शियम शिरते. लगेच ग्लुटामेट भरलेल्या सूक्ष्म पिशव्या पेशीच्या पटलाला चिकटून उघडतात आणि नसेला संदेश मिळतो. पेशीने आतला माल असा बाहेर सोडणे म्हणजे एक्सोसायटोसिस. कॅल्शियमचा इशारा ओळखून हे काम करवणारे प्रथिन ओटोफर्लिन. त्याचे ओटीओएफ हे जनुक १९९९ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील क्रिस्तीन पेती यांच्या गटाने शोधले.

या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर मूल बहुधा जन्मतःच ठार बहिरे असते. आणि खरी गोम पुढेच आहे. नवजात बाळाची जी ओएई चाचणी होते, ती बाह्यकेशपेशींचा प्रतिसाद मोजते. त्या तर ठणठणीत असतात! कागदावर ‘पास’ येते, आणि ‘आमच्या घरात मुलं उशिराच बोलतात’ असे म्हणण्यात दोन वर्षे जातात. संदेश नसेत पोचतो का, हे बेरा चाचणीत कळते. बाळ आवाजाकडे वळत नसेल तर ‘पास’चा कागद बाजूला ठेवून बेरा करून घ्याच.

काही बदलांत तर ताप चढला की ऐकू येईनासे होते, उतरला की पुन्हा येते. आईबाप अशी तक्रार घेऊन आले, तर ती थट्टेवारी नेऊ नये.

एकेक सदोष प्रत असलेल्या आईवडिलांना स्वतःला नीट ऐकू येते. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल आपल्याकडेही आहे. अशा घरात दोन सदोष प्रती एकत्र येण्याचा संभव वाढतो.

या मुलांची नस सहसा शाबूत असते, म्हणून कॉक्लिअर इम्प्लांट चांगला उपयोगी पडतो. जनुकोपचारात अडचण अशी की हे जनुक वाहक विषाणूत मावत नाही. म्हणून त्याचे दोन तुकडे करून दोन विषाणूंतून पाठवतात. ते पेशीत जुळतात. शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या रुग्णालयात सहा मुलांच्या एकेका कानात हे केले. जानेवारी २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: सहापैकी पाच मुलांना त्या कानाने ऐकू येऊ लागले होते.