घोरणारं मूल आणि बोटावरचा आकडा



कोरोनाच्या काळात आपल्यापैकी अनेकांच्या घरी पल्स ऑक्सिमीटर आला आणि साथ ओसरल्यावर औषधांच्या डब्यात जाऊन पडला. आता घोरणाऱ्या मुलाला घेऊन येणारे आईवडील मला सांगतात, ''डॉक्टर, झोपल्यावर लावून बघितला. 98 होतं. म्हणजे काळजी नाही ना?'' या प्रश्नाचं नीट उत्तर देता यावं, म्हणून मी आजचा विषय घेतला आहे.

आधी त्या मुलाकडे पाहू. वय चार-पाच वर्षं. तोंड उघडं, मान मागे टाकलेली, उशी घामाने ओली. घोरणं मध्येच थांबतं. आवाज बंद, पण धडपड चालूच असते. पोट वर येतं तेव्हा छाती आत ओढली जाते, गळ्याखाली खळगा पडतो आणि हवा काही आत जात नाही. मग एक हिसका, मोठा श्वास, कूस बदलते आणि पुन्हा घोरणं. हाच स्लीप ॲप्निया. मुलांमध्ये त्याचं कारण बहुधा वाढलेले टॉन्सिल आणि नाकामागचे ॲडेनॉइड असतात. शंभरातल्या एक ते पाच मुलांना हा त्रास असतो आणि तो दोन ते आठ या वयात सर्वाधिक दिसतो. आपण मात्र कौतुकाने म्हणतो, ''दमलाय बिचारा, किती गाढ झोपलाय!''

नेमकं हेच वय मेंदूच्या भुकेचं. पाच वर्षांच्या आसपास, विश्रांतीत शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी निम्म्याहून अधिक एकटा मेंदू वापरतो. इतकी भूक आयुष्यात पुन्हा कधीच नसते. म्हणून मोठ्यांचे निकष मुलांना चालत नाहीत. मोठ्या माणसाचा श्वास दहा सेकंद अडला तर आपण तो मोजतो, मुलाचे दोन श्वास चुकले तरी मोजतो. असे अडथळे मोठ्यांत तासाला पाचपर्यंत असले तर चालवून घेतात, मुलात एकाहून जास्त असले तर त्याला आजार म्हणतात.

आता तो 98. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी 1974 मध्ये या यंत्रामागची कल्पना मांडली. बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश पाठवायचे, नाडीबरोबर त्यांचं शोषण किती बदलतं ते पाहायचं आणि त्यावरून रक्तातल्या किती हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटला आहे हे काढायचं. यंत्र उत्तमच आहे. पण आपण ते लावतो रात्री दहाला, मिनिटभर. मुलांचा श्वास जास्त अडतो तो स्वप्नांच्या झोपेत, आणि ती झोप पहाटेकडे वाढत जाते. त्या वेळी आपण स्वतः गाढ झोपलेले असतो. शिवाय हिमोग्लोबिन ऑक्सिजन चटकन सोडत नाही. रक्तातला ऑक्सिजनचा दाब बराच उतरला तरी आकडा नव्वदीतच राहतो. आणि तो खाली येण्याआधीच मेंदू मुलाला हिसका देऊन अर्धवट जागं करतो. आकडा राखला जातो, झोप मात्र मोडते. रात्रभर अशी मोडलेली झोप घेऊन ते मूल सकाळी शाळेत जातं.

रुग्णालयातलं यंत्र रात्रभर नोंद ठेवतं. तो आलेख हातात घेतला की पहाटेच्या भागात करवतीच्या दात्यांसारखे झुबके दिसतात: खाली, वर, खाली, वर, मग काही वेळ सरळ रेष. मॉन्ट्रियलचे डॉ. ब्रुइलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे आलेख वाचायची रीत बसवली. असे किमान तीन झुबके आणि ऑक्सिजन किमान तीनदा 90च्या खाली, तर आलेख सदोष. 2000 साली त्यांनी दाखवलं की आलेख सदोष असेल तर ॲप्नियाचं निदान 97 टक्के वेळा खरं ठरतं. त्याच अभ्यासातली दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. आलेखात असं काही न आढळलेल्या मुलांपैकीही जवळजवळ निम्म्यांना ॲप्निया होता.

मग थेट मेंदूतलाच ऑक्सिजन का मोजू नये? तेही जमतं. फ्रान्स योब्सिस यांनी 1977 मध्ये दाखवलं की अवरक्ताजवळचा प्रकाश कवटीतून आरपार जातो. कपाळावर पट्टी चिकटवून मेंदूच्या पुढच्या भागातला ऑक्सिजन सतत पाहता येतो. इथे आकडा साधारण 60 ते 80 दिसतो, आणि तो पाहून घाबरायचं नाही. बोटावरचं यंत्र नळाला किती पाणी आलं ते सांगतं, कपाळावरचं यंत्र घरातला वापर झाल्यावर किती उरलं ते. श्वास अडला की मेंदू स्वतःकडचा रक्तपुरवठा वाढवतो, त्यामुळे बोटावर घसरण दिसली तरी कपाळावर तेवढी दिसेलच असं नाही. हे यंत्र हृदयशस्त्रक्रियेत आणि अतिदक्षता विभागात रुळलं आहे, झोपेच्या आजारात अजून संशोधनापुरतंच आहे. त्याचा आग्रह धरून खर्चात पडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. निदानाची खरी तपासणी आजही रात्रभराची स्लीप स्टडीच.

उपचाराने फरक पडतो का? 1998 मध्ये डॉ. डेव्हिड गोझाल यांनी अमेरिकेत पहिलीच्या वर्गात तळाला असलेली 297 मुलं तपासली. त्यातल्या 54 मुलांच्या रात्रीच्या श्वासात दोष निघाला. ज्यांचे टॉन्सिल-ॲडेनॉइड काढले त्यांचे गुण पुढच्या वर्षी सुधारले, ज्यांच्या पालकांनी नको म्हटलं त्यांचे होते तिथेच राहिले. 2013च्या 464 मुलांच्या मोठ्या चाचणीत शस्त्रक्रियेने वागणूक आणि झोप सुधारली, पण लक्ष आणि नियोजन यांच्या परीक्षांत सात महिन्यांत ठळक फरक दिसला नाही. तेव्हा शस्त्रक्रिया केली की मूल हुशार होईल, असं वचन मी कुणाला देत नाही. ढ, आळशी, चिडखोर असा शिक्का मारण्याआधी त्याची रात्र तपासा, एवढं मात्र ठासून सांगतो.

आणखी एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. ज्या मुलाचा ऑक्सिजन रात्री 85च्या खाली जातो, त्याला शस्त्रक्रियेनंतर वेदनेसाठी मॉर्फिनची निम्मीच मात्रा पुरते. नेहमीची मात्रा त्याचा श्वास दाबू शकते. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन हे वेदनाशामक दिलेली काही मुलं दगावल्यावर 2013 मध्ये अमेरिकेने मुलांच्या या शस्त्रक्रियेनंतर त्याचा वापर वर्ज्य ठरवला. म्हणून रात्रीचा आलेख भूलतज्ज्ञांना आधी दाखवा.

मूल रोज घोरत असेल, झोपेत घाम येत असेल, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं असेल, तर पहाटे चारचा गजर लावा. पांघरूण बाजूला करून उघड्या छातीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाईलवर काढा. आकडा 98 असला तरी काढा, आणि बालरोगतज्ज्ञांना किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.