गावाला जाताना गोठ्याची वैरण

लग्नकार्याला किंवा वारीला दोन दिवस जायचं म्हटलं, की पहिली काळजी दावणीची. गव्हाणीत एकदम दोन दिवसांचा कडबा टाकून निघालात, तर जनावर आधी पानं ओढून खातं, धाटं पायाखाली तुडवतं. शेणमूत लागलेल्या वैरणीला मग तोंडही लावत नाही. त्यापेक्षा कुट्टी करा आणि एकेका वेळेची वेगळ्या पोत्यात भरून ठेवा. 400 किलोच्या गाईला दिवसाला साधारण 10 ते 12 किलो कोरडा चारा लागतो, हा हिशेब धरा.

शेजाऱ्याला आदल्या दिवशी सोबत घेऊन वैरण घालून दाखवा, कोणती म्हैस मारकी आहे तेही सांगा. मायेपोटी तो जास्तीचं धान्य घालायला जाईल. त्याला आवर्जून नको म्हणा. अचानक जास्त धान्य पोटात गेलं की आम्लता होते, जनावर दगावूही शकतं. कोवळी ज्वारी तर मुळीच नको, तिची विषबाधा होते.

आणि पाणी! सुक्या वैरणीवर तहान फार लागते. दावं हौदापर्यंत पोचतं का, हे निघण्याआधी स्वतः पाहा.