चिंतेला वेळ नेमून द्या

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझा विषय कृषिविद्येचा. पेरणीचे अंतर, खताची मात्रा यांवर मी बोलावे अशीच आपली अपेक्षा असणार. परंतु मागे एका खरिपात पेरणीनंतर पावसाने ओढ दिली, तेव्हा एका शेतकरी बंधूंचा मला एकाच संध्याकाळी चार वेळा फोन आला. प्रश्न एकच. "साहेब, सोयाबीन मोडू का ठेवू?" चारही वेळा मी तेच उत्तर दिले. चौथ्या वेळी लक्षात आले की, माहिती त्यांना कमी पडत नव्हती. ते तीन रात्री झोपले नव्हते.

म्हणून आज थोडे चिंतेविषयी. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. तज्ज्ञांनी सांगितलेले आणि आपल्याला घरी करता येण्यासारखे तेवढेच सांगतो.

विचार निर्णयापाशी येऊन थांबतो. चिंता घाण्याच्या बैलासारखी फिरत राहते. चाल पुष्कळ, पण जागा तीच. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बोरकोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये यावर एक साधी पद्धत मांडली. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास चिंता करायची. एरवी ती मनात आली, तर 'संध्याकाळी पाहू' म्हणून पुढे ढकलायची आणि हातातल्या कामाकडे वळायचे. ऐकून हसू येईल. पण "काळजी करू नका" हा सल्ला आजवर कोणाला पाळता आला आहे? त्यापेक्षा हे जमण्यासारखे आहे. जागा मात्र अंथरूण नसावे. दिवेलागणीपूर्वी ओट्यावर वही-पेन घेऊन बसावे. रात्री जाग आलीच, तर एक ओळ टिपून ठेवावी, बाकीचे उद्या.

वहीत काय लिहावे? दुबार पेरणीचेच घ्या. पाऊस कधी येईल, हे आपल्या हातात नाही. ते एका बाजूला लिहून सोडून द्यावे. दुसऱ्या बाजूला मोजता येण्यासारखे लिहावे. सोयाबीन ४५ × ५ सें.मी. अंतरावर असेल, तर एक मीटर ओळीत २० रोपे हवीत. शेतात पाच-सहा ठिकाणी प्रत्यक्ष मोजा. बियाणे किती शिल्लक आहे? तारीख कोणती? सर्वसाधारणपणे १५ जुलैनंतर सोयाबीन पेरू नये. मग तूर, सूर्यफूल, बाजरी यांचा विचार करावा लागतो. एवढे समोर आले की निर्णय लिहा आणि त्याखाली तो पुन्हा तपासण्याची तारीख टाका. त्या तारखेपर्यंत तो प्रश्न उकरून काढायचा नाही.

आता दुसरी बाब. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मांडली. मराठी वाचकांना ती कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे परिचित आहे. तिचे सांगणे असे की, घटना आणि आपले दुःख यांच्यामध्ये त्या घटनेविषयीचे आपले मत उभे असते. "पीक गेले तर मोठे नुकसान होईल," हे खरेच आहे. त्याने माणूस हालचाल करतो. "पीक गेले म्हणजे मी गावात तोंड दाखवायच्या लायकीचा राहिलो नाही," हे खरे नाही, आणि त्याने हातपाय गळतात. वहीत असे वाक्य सापडले, तर स्वतःला विचारा : शेजाऱ्याचे पीक गेले असते, तर त्याला मी असे म्हणालो असतो का?

वहीने कर्ज फिटत नाही, हे मला ठाऊक आहे. पण बँकेत जाऊन कर्जाच्या पुनर्गठनाची चौकशी करणे, हे वहीतले पहिले काम होऊ शकते. चिंतेने गांजलेला माणूस नेमके तेच टाळतो.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, तर वहीवर विसंबू नका. डॉक्टरांकडे जा. यात कमीपणा नाही. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबविला गेला. गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्ते लोकांशी बोलू लागले, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण वाढले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. घरात कोणी "आता जगून काय करायचे" असे बोलले, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्यांना एकटे सोडू नका. कीटकनाशके त्याच दिवशी कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. शासनाची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. ती विनामूल्य आहे, रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक आत्ताच लिहून घ्या. मग आपण प्रश्नांकडे वळू, सोयाबीनचेही विचारा.