बाभळीच्या मुळाशी



हट्ट्यास येताना दोन्ही बाजूंची काळी राने भेगाळलेली दिसली; बांधावरची बाभूळ मात्र हिरवी होती. जिला कोणी शेणखत घातले नाही की युरियाची मूठ दिली नाही, ती एवढा पाला कशाच्या जोरावर धरते?

हवेत शेकडा ७८ भाग नत्र असतो. परंतु कोणत्याही झाडाला तो तसाच घेता येत नाही. १८८८ साली हॉलंडमधील बायेरिंक ह्या शास्त्रज्ञाने द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठींतून एक जिवाणू वेगळा काढला. हा जिवाणू हवेतील नत्र झाडाच्या उपयोगी रूपात आणतो आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेतो. शेंगा धरणारे प्रत्येक झाड हा सौदा करते असे मात्र नाही. चिंच, बहावा, आपटा ह्यांच्या मुळांवर अशा गाठी नसतात. बाभूळ, खैर, करंज ह्यांच्या मुळांवर असतात.

आता जनुकांची लिपी वाचता येऊ लागल्यावर कळते, की हा एक जिवाणू नसून रायझोबियम, ब्रॅडीरायझोबियम, मेझोरायझोबियम, एन्सिफर अशी त्यांची अनेक घराणी आहेत. कोणी उन्हाचा ताप सोसतो, कोणी खारवट जमीन. कोणी नत्र देण्यात उदार, तर कोणी नुसता खाऊन बसणारा. शिवाय ते आपापसांत गुणांची देवघेवही करतात. न्यूझीलंडमधील एका रानात लोटस नावाचे चाऱ्याचे पीक एकाच वाणाचा जिवाणू लावून पेरले होते. काही वर्षांनी तेथील मूळच्या जिवाणूंनीही गाठी करण्याची जनुके उचललेली आढळली; हे १९९५ साली प्रसिद्ध झाले.

दुकानातील पुडीला आम्ही नावे ठेवीत नाही. सोयाबीन बाहेरून आलेले पीक. त्याला साजेसा जिवाणू आपल्या जमिनीत मुळात फारसा नव्हता. तेथे पुडी हवीच. परंतु पुडीत येतो तो निवडलेला एखादा वाण. बांधाखाली नांदते ते सारे गणगोत. एका साली पाऊस दडी मारील, दुसऱ्या साली रान चिबडेल. कोणता वाण कोणत्या साली तगेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून गणगोत मोठे असलेले बरे. झाड गेले की त्याचे सोबती एका दिवसात मरत नाहीत, पण आश्रय तुटल्याने त्यांची संख्या ओसरू लागते.

सावलीत पीक खुरटते, काटे पायांत मोडतात, ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. त्यासाठी फांद्या छाटाव्यात. झाड मुळासकट काढू नये, एवढेच आमचे मागणे आहे.

आमच्या शब्दावर विसंबू नका. आता वैशाखात उकराल तर कोरड्या मातीत गाठी क्वचितच हाती लागतील. श्रावणात बाभळीखाली उगवलेले एखादे रोप अलगद उपटा, मुळे पाण्यात धुवा आणि एक गाठ नखाने फोडा. आत तांबूस दिसले, तर काम चालू आहे असे समजा.