जुनी आवृत्ती सोडताना



सेलूत भरलेल्या या परिषदेचं अध्यक्षपद आपण मला दिलंत. तालुक्याच्या गावी प्रोग्रामिंगवर पोट असणारी इतकी माणसं जमलेली पाहून फार आनंद वाटतो. आज मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. ज्या भाषेत आपलं सॉफ्टवेअर लिहिलं, तिच्या जुन्या आवृत्तीचा सपोर्ट कधी बंद करायचा?

मुंबईचे कोविद गोयल २००६पासून ‘कॅलिबर’ हे ई-पुस्तकांचं मुक्त सॉफ्टवेअर सांभाळत आहेत. ते पायथन भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीवर, म्हणजे पायथन २वर, उभं होतं. पायथन ३ डिसेंबर २००८मध्येच आली होती. जुनीच्या सपोर्टची मुदत आधी २०१५ ठरली, मग २०२०पर्यंत वाढली. २०१७मध्ये गोयल यांच्याकडे पायथन ३वर येण्याची मागणी झाली, तेव्हा त्यांनी नकार दिला. वेळ आली तर पायथन २ आपणच सांभाळू, असं त्यांचं म्हणणं. हा नकार मला समजतो. चालता कोड उलगडायचा भार मागणाऱ्यावर नसतो, सांभाळणाऱ्यावर असतो. पुढे काही स्वयंसेवकांनी हाच भार उचलला, कोड दोन्ही आवृत्त्यांवर चालेल असा हळूहळू बदलत नेला, आणि सप्टेंबर २०२०मध्ये कॅलिबर ५ पायथन ३वर आलं.

मराठीत काम करणाऱ्यांना या बदलाचं मोल लगेच कळेल. पायथन २मध्ये ‘सेलू’ साध्या अवतरणचिन्हांत लिहून लांबी विचारली, तर युटीएफ-८ फाइलमध्ये उत्तर यायचं १२, कारण मोजले जायचे बाइट. पायथन ३ चार सांगते: दोन व्यंजनं, दोन मात्रा. नावं कापताना अर्धवट बाइट उरून यादीत चौकोन उमटायचे, ते यामुळेच.

सोडावं, हे मान्य. पण केव्हा? वैज्ञानिक आकडेमोडीच्या ‘नमपाय’ प्रकल्पाने २०१९मध्ये नियम घातला की पायथनची आवृत्ती आल्यापासून ४२ महिने तिला सपोर्ट द्यायचा. संशोधकांना तो ठीक होता. आपल्यासाठी तो मला अपुरा वाटतो. शाळेतला किंवा पतसंस्थेतला संगणक तिथल्या कारकुनाने निवडलेला नसतो, आणि तो बदलायचा अधिकारही त्याला नसतो. विंडोज ७वर चालणारी शेवटची पायथन ३.८. ती सोडली की ते यंत्रही आपण सोडतो. म्हणून भाषेच्या कर्त्यांकडून सुरक्षेच्या दुरुस्त्या येत आहेत तोवर निव्वळ आपल्या सोयीसाठी आवृत्ती सोडू नये, असं मी आग्रहाने सांगतो.

त्या थांबल्या की मात्र रेंगाळू नये. ३.८च्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२४मध्ये संपल्या, विंडोज ७च्या सर्वसाधारण दुरुस्त्या जानेवारी २०२०मध्येच. खातेदारांची माहिती अशा यंत्रावर इंटरनेटला जोडून ठेवणं हा त्या खातेदारांवर अन्याय आहे. तारीख वर्षभर आधी, मराठीत, प्रोग्राम उघडताच दिसेल अशी सांगा. शेवटची चालती आवृत्ती डाउनलोडसाठी राहू द्या. आणि त्याच जुन्या यंत्रावर हलकं लिनक्स बसवलं तर नवी पायथन बहुतेकदा चालते. प्रिंटर आणि मराठी कीबोर्ड जुळवायला एखादी दुपार जाते. सेलू, मानवत, जिंतूर, पाथरीतल्या ज्या कचेऱ्यांत आपले प्रोग्राम आहेत, तिथे ती दुपार आपण द्यावी. दुपारच्या सत्रात या कामाची गावनिहाय वाटणी करू या. सेलूतल्या शाळा मी माझ्याकडे घेतो.